राहीबाईंचं कपाळ

तिसगाव, ता. पाथर्डी
१२ ऑगस्ट १९९६

आप्पासाहेबांना रंगनाथ भिंगारदिवेचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडताच फेकून द्याल, असं चांगुणा म्हणते. मी तिला म्हटलं, आप्पा फोडतील. आत कुणाची निगेटिव्ह असेल या भीतीनेच फोडतील.

पाल्हाळ लावत नाही. मला काम हवं आहे. नोकरी म्हणत नाही मी. ती पावणेदोन वर्षांपूर्वी माझी मीच सोडली, तीही ऐन दिवाळीच्या गर्दीत, त्यामुळे ती परत मागायला मला तोंड नाही. घरी काम पाठवाल का, एवढंच विचारायचं आहे.

मे महिन्यात एका लग्नाची ऑर्डर संपवून येत होतो. करंजीच्या घाटात माझी एम-एटी गाडी घसरली. उजव्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली आहे. डॉक्टर म्हणतात तीन महिने आडवं राहायचं, मग काठी, मग काठीशिवाय. हात दोन्ही शाबूत आहेत. डोळ्यांना तर खरचटलंसुद्धा नाही.

चांगुणाचं म्हणणं, अर्जात आपली लायकी लिहायची असते. तुम्हाला ती माझ्याहून जास्त ठाऊक आहे, तरी बायकोचा मान राखून लिहितो. तुमच्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत एकोणीस वर्षं मी मेलेल्या माणसांचे फोटो तयार केले. लोक रेशनकार्डावरचा नखाएवढा फोटो आणायचे, नाहीतर वरातीतल्या घोळक्यातलं एखादं अर्धं तोंड. तुम्ही ते मोठ्या ब्रोमाइड कागदावर काढायचात आणि मी ब्रश, पेन्सिल, ब्लेड घेऊन त्यातून माणूस बाहेर काढायचो. मेल्यावर काढलेल्या फोटोंचे मिटलेले डोळे उघडले. ज्याने जन्मात कोट घातला नाही त्याला कोट घातला. नगर तालुक्यातल्या किती भिंतींवर माझा हात टांगलेला आहे, ते मोजायला बसलो तर तीन महिने पुरायचे नाहीत.

पाकीट इथे येणं अवघड नाही. सकाळची पाथर्डी गाडी आमच्या स्टँडवर थांबते. कंडक्टरच्या हाती दिलंत की चांगुणा उतरवून घेईल आणि तिसऱ्या दिवशी तयार फोटो उलट गाडीने नगरला येईल. दहाव्याला, तेराव्याला फोटो लागतो, उशीर चालत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

तुमचा भाचा चेतन आता मागच्या खोलीत बसतो म्हणे. त्याच्या हातचा एक फोटो इथे एका घरात पाहिला. म्हातारीच्या ओठावर त्याने अशी सावली टाकली आहे की तिला मिशी फुटल्यासारखी वाटते. घरच्यांनी हार घातलाय तो नेमका तेवढं झाकून. हे मी चेष्टेने लिहितो आहे, राग मानू नका. तो शिकेल. मी त्याला शिकवायला नाही म्हटलं होतं, तेव्हा थोडा दोष माझ्याकडे येतो.

तुमचा राग असेल तो राहू द्या. काम तेवढं पाठवा.

आपला,
रंगनाथ


तिसगाव
२९ ऑगस्ट १९९६

आप्पासाहेब,

पाकीट पोचलं. तीन फोटो आहेत. तुमची एक ओळसुद्धा नाही, म्हणजे तुम्ही खरोखर रागावलेले आहात. पण काम पाठवलंत. चांगुणाने स्टँडवरून येताना ते पाकीट पदराखाली धरून आणलं. दारातूनच म्हणाली, "आलं बरं का! आता तरी माझ्यावर खेकसू नका." मी तोंड भिंतीकडे करून घेतलं. का ते सांगत बसत नाही.

माझी बैठक कशी आहे ते कळवतो, म्हणजे फोटोची काळजी नको. बाज दाराच्या उजेडात ओढली आहे. पाठीला दोन वाकळी, छातीवर तिरका पाट, पाटाला फोटो चिकटवलेला. दिवसभरात पाच तास उजेड चांगला मिळतो, तेवढाच वेळ ब्रश धरतो. छातीवर फोटो ठेवला की श्वासाबरोबर तोही वरखाली होतो. बारीक रेघ मारताना श्वास धरावा लागतो. मेलेल्या माणसाचे डोळे उघडायचे म्हणून जित्याने श्वास कोंडायचा, असा सगळा प्रकार.

प्रत्येक फोटोला चेतनची चिठ्ठी टाचलेली आहे. 'डोळे उघडणे.' 'टोपी पांढरी करणे.' 'मालक हयात, कुंकू ठेवणे.' अक्षर मुंगीच्या पायांचं आहे. त्याला सांगा, एवढा त्रास घेऊ नको. रंगनाथला चेहरा वाचता येतो.

तुम्हाला आपला खेळ आठवतो का? गिऱ्हाईक पुढे बसलेलं असायचं, तुम्ही मला नुसता फोटो आत पाठवायचात आणि विचारायचात, सांग रंगनाथ, बाई अहेव गेली की विधवा? मी फोटो उजेडात धरून सांगायचो. मुलं किती, सासुरवास होता का, तेही सांगायचो. दहातले नऊ बरोबर यायचे. तुम्ही चहा पाजायचात. एकदा तुम्ही म्हणाला होतात की याला फोटोग्राफर नाही, ज्योतिषी करायला हवा होता. एकोणीस वर्षांत तुम्ही माझं केलेलं तेवढंच कौतुक, त्यामुळे नीट लक्षात राहिलं.

तीन फोटो उद्याच्या उलट गाडीने पाठवतो आहे.

रंगनाथ


तिसगाव
७ ऑक्टोबर १९९६

आप्पा,

आठवड्याला दोन पाकिटं येतात. तुमचं पत्र अजून नाही. असू दे. आडव्या माणसाजवळ बोलायला वेळ फार असतो आणि ऐकायला घरात कुणी नसतं. चांगुणा बाजरीच्या काढणीला जाते, ती दिवस कलल्यावर येते. हे मी आधी लिहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या रानात ती पहिल्यांदाच गेली. तुमच्याकडे असताना तिला कधी जावं लागलं नाही.

आणखीही काही लिहिलं नव्हतं. माझा स्टुडिओ पायामुळे बंद पडला असं तुमच्या कानावर आलं असेल, कारण मीच तसं सगळ्यांना सांगितलं. तो त्याआधीच बंद पडला होता. तुमच्या मागच्या खोलीत बसून मी कुणाकुणाच्या देवघराशेजारच्या तसबिरी केल्या, हात कुणाचा ते कुणी विचारलं नाही. इथे पाटी लावली 'भिंगारदिवे फोटो स्टुडिओ', आणि लोकांनी फोटो पाहण्याआधी आडनाव वाचलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही हो. पासपोर्ट फोटोला यायचे, गोड बोलायचे. लग्न निघालं की शेवगावचा फोटोग्राफर यायचा. आमच्या वस्तीतली लग्नं मिळायची, पण वस्ती केवढीशी.

मी जाताना काय केलं तेही आता लिहून टाकतो, नाहीतर ते पाठीखालच्या खड्यासारखं टोचत राहील. तुम्ही चेतनला शिकव म्हणालात. मला वाटलं, शिकवलं की मला काढणार. म्हणून मी गेलो, आणि जाताना पाथर्डी-शेवगावकडच्या गिऱ्हाइकांना सांगितलं की आप्पासाहेब दुकान आवरतायत, आता माझ्याकडेच या. तुम्हाला हे कळलं असणारच. कळूनही तुम्ही काम पाठवलंत. मला लाज वाटते, आप्पा.

जखमेतून थोडं पाणी येतं. डॉक्टर म्हणाले, येतं असं कधी कधी.

दिवाळीपर्यंत बसायला लागेन.

रंगनाथ


तिसगाव
२१ नोव्हेंबर १९९६

आप्पासाहेब,

कार्ड मिळालं. तीन महिन्यांत तुमचं पहिलं अक्षर आलं ते हे. चांगुणाला वाचता येत नाही ते एका अर्थी बरं झालं. तिने विचारलं काय लिहिलंय, मी म्हटलं खुशाली.

तुम्ही लिहिता, "चिचोंडीच्या राहीबाईंच्या फोटोवरचं कुंकू तू पुसलंस. नवरा गहिनीनाथ जिवंत आहे. दहाव्याला सगळ्या गावासमोर फोटो मांडला तेव्हा कळलं. तिची मुलगी गोजरबाई दुकानात येऊन चारचौघांत नाही नाही ते बोलली. पस्तीस वर्षांत असं ऐकलं नव्हतं. यापुढे पाकीट येणार नाही."

मला जे म्हणायचं आहे ते एकदा ऐका, मग पाकीट पाठवा अगर पाठवू नका.

बाई अहेव गेली आणि तिच्या फोटोवर कुंकू नाही, म्हणजे जित्या नवऱ्याला मेला म्हणण्यासारखं आहे, हे मला कळतं. आमच्या घरात या गोष्टी पुष्कळ मागे पडल्या तरी मला त्या कळतात. कळत नसत्या तर एकोणीस वर्षं तुम्ही मला ठेवलं नसतं.

पण तो फोटो कसा आला होता ते चेतनला विचारा. मुळातला फोटो रेशनकार्डावरचा, शिक्का निम्म्या गालावर उमटलेला. मोठा केल्यावर कपाळभर काळे ठिपके. चुना उडावा तसे, फक्त काळे. त्यातला कुठला शिक्क्याचा, कुठला बुरशीचा, कुठला कुंकवाचा, ते देवालाही सांगता आलं नसतं. काळ्यापांढऱ्यात कुंकूही काळंच. मी सगळेच ब्लेडने खरवडले, कपाळ स्वच्छ केलं. आणि चिठ्ठी नव्हती. असती तर मी असा कसा वागेन? दुकानात गिऱ्हाईक समोर असतं, विचारता येतं. इथे मी कुणाला विचारू? छताला?

चूक अर्धी तिकडची आहे. तुम्ही सगळी माझ्या अंगावर टाकलीत.

रंगनाथ भिंगारदिवे


तिसगाव
९ डिसेंबर १९९६

आप्पा,

पाकीट नाही, पत्र नाही. अठरा दिवस झाले.

गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. चिठ्ठी होती. आजच सापडली, वाकळीच्या घडीत. 'मालक हयात, कुंकू ठेवणे.' मी ती उघडली नव्हती. फोटो पाहिल्याबरोबर मला वाटलं होतं की ही बाई एकटी आहे, वर्षानुवर्षं एकटी. तोंड मिटलेलं, पण कुणाच्या धाकाने मिटलेलं नव्हे. डोळे असे की संध्याकाळी दाराकडे बघायचं ज्यांनी सोडून दिलंय. विधवेचा चेहरा, मी मनाशी म्हटलं, आणि ब्लेड उचललं. दुकानात आपण खेळायचो तेव्हा मी चुकलो तर तुम्ही समोर होतात, ब्रश लागायच्या आधी सांगायचात. इथे माझं मीच विचारलं आणि माझं मीच उत्तर दिलं.

आणखी एक. मे महिन्यात मी कुठल्या लग्नाहून येत नव्हतो. नगरलाच आलो होतो, तुमच्याकडे. समोरच्या पानाच्या टपरीशी तासभर उभा राहिलो. तुम्ही काउंटरवर कुणाला तरी अल्बम दाखवत होतात. आत येऊन म्हणायचं होतं, आप्पा, चुकलो, मला परत घ्या. पाय उचलला नाही. तसाच फिरलो आणि घाटात पडलो. गाडीचा दोष नव्हता. डोळे पाण्याने भरले होते, वळण दिसलं नाही.

रंगनाथ


तिसगाव
२ जानेवारी १९९७

आप्पासाहेब,

सोबत फोटो आहे. तो आधी पाहा, मग हे वाचा.

परवा अकराच्या गाडीने एक म्हातारा उतरला. पागोटं, हातात काठी, काखेत नव्या टॉवेलात गुंडाळलेली तसबीर. चांगुणा घरीच होती, काम नव्हतं म्हणून. त्याने दारातूनच विचारलं, "फोटुवाले रंगनाथ हितंच ऱ्हात्यात का?"

मी म्हटलं, "मीच तो. उठता येत नाही मला, आत या."

तो आत येऊन भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "म्या चिचोंडीचा गहिनीनाथ. नगरच्या दुकानातल्या पोरानं पत्ता दिला."

पळून जाता येत नाही, पांघरूण तोंडावर घेता येत नाही. मी हात जोडले. म्हटलं, बाबा, चूक झाली, मारायचं तर मारा. त्याने ऐकलंच नाही. चांगुणाने पाणी दिलं ते प्याला, तांब्या नीट खाली ठेवला आणि मला म्हणाला, "एक इचारायला आलोय. तुमी कसं वळाकलं?"

"काय ओळखलं?"

"ती एकली हुती ते."

मग तो खाली बघून बोलत गेला. त्याचेच शब्द लिहितो. "तीस वरसं झाली. म्या दुसरी केली. हिला मळ्यातल्या छपरात ठिवली, पोरीसंगट. पाच शेताचं अंतर, पन म्या गेलो न्हाई. तिच्या हातची भाकर न्हाई खाल्ली. आजारी पडली तवा सांगावा आला हुता. म्हनलं, जाऊ उद्या. उद्या गेलो तवा ती गेली हुती, खाली काढली हुती."

चांगुणा चुलीपाशी उभी होती ती तिथेच बसली.

"दहाव्याला फोटू मांडला," म्हातारा म्हणाला, "आन् बाया कुजबुजाया लागल्या. म्या पाह्यलं तर कपाळ मोकळं. मला वाटलं, हिनंच सांगितलं जाता जाता, की तू मला कवाच मेला हुतास. समदी म्हनली फोटुवाल्याची चूक हाय. मला एकल्याला ठावं हुतं, की चूक न्हाई."

आप्पा, खरं सांगतो. त्या घटकेला मला आनंद झाला. समोर एक म्हातारा तोंड पाडून बसलेला, आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या. मी बरोबर होतो! नखाएवढ्या फोटोवरून मी तीस वर्षांचं ओळखलं होतं. आता आप्पांना लिहितो, मनात आलं, बघा म्हणावं, कुणाला काढून टाकलंत. वाक्यं जुळवायलाही लागलो होतो.

मी त्याला विचारलं, "मग मुलगी का एवढी भांडली? तिला तर सगळं माहीत होतं. तुमच्या जिवाची काळजी म्हणून?"

तो हसला. बरं वाटावं असं हसणं नव्हतं ते. म्हणाला, "लोकास्नी तसंच वाटलं. पन गोजर माझ्यासाठी न्हाई वरडली. घरी आल्यावर माझ्याकडं बोट करून म्हनली, ह्यांचं ऱ्हाऊ द्या. आई रोज सकाळी उठून कुकू लावायची. आरशाचा तुकडा हुता हाताएवढा, चिरलेला, त्यात बघून. ह्यांच्यासाठी न्हाई, तिचं तिला. म्हनायची, हे मी माझ्या हातानं लावलंय, हे कुनाच्या बापाला काढता यायचं न्हाई. ते कुनी पुसलं, त्याचं मला नाव सांगा."

हे अजूनही नीट लिहिता येत नाही.

बाईचा चेहरा मी वाचला, खोटं नाही. पण चेहऱ्यावर जे होतं त्याच्या वर तिने स्वतः एक गोष्ट लावली होती, रोज, तीस वर्षं. एवढ्या डागांत तेवढी एकच गोष्ट तिची होती आणि मी तीच खरवडून टाकली. नवऱ्याने तिचं जे घेतलं नव्हतं ते मी घेतलं, छातीवर पाट ठेवून, बाजेवर पडल्या पडल्या. आणि वर तुम्हाला लिहिलं की चूक तिकडची. शरम वाटते ती याची.

म्हाताऱ्याने तसबीर उघडली. मुळातला रेशनकार्डावरचा फोटोही त्याने आणला होता, गोजरबाईकडून मागून घेतला म्हणाला. "कुकू काढून द्या," म्हणाला. "जरा मोठं काढा. बीचोबीच. लांबून दिसंल असं."

मी भिंग मागितलं. लहान फोटो दाराच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिला. शिक्क्याच्या काळ्या रेघेखाली तो ठिपका सापडला. मधोमध नाही, डाव्या भुवईकडे थोडा सरकलेला. खालची कड बोटाने ओढली गेलेली. चिरलेल्या आरशात बघून लावलं की तसंच होणार. नोव्हेंबरातही तो तिथेच होता. मी बघितला नव्हता.

मी म्हटलं, "बाबा, जिथे होतं तिथेच काढतो. आणि होतं तेवढंच."

तो म्हणाला, "वाकडं दिसंल."

"दिसू दे."

त्याने मान हलवली.

ब्लेड फिरलेला ब्रोमाइड शाई धरत नाही, तुम्हाला माहीत आहे. शाई फाकते. तीनदा लावली, तीनदा कापसाने टिपली. हात कापत होता. हो, कापतो. तेही आजवर लिहिलं नव्हतं, गोळ्यांनी कापतो, उजेडाच्या पाच तासांतले दोनच तास तो माझं ऐकतो. चौथ्यांदा चांगुणाने येऊन माझं मनगट खालून धरलं. तसं धरल्यावर लागलं. म्हातारा दुपारच्या गाडीपर्यंत बसून होता. फोटो घेऊन जायला नको म्हणाला. म्हणाला, तुमच्या मालकांकडं पाठवा, त्यांच्या हातानं गोजरला देऊ द्या, म्हंजी तुमची भाकर जायाची न्हाई. तुम्हाला सांगायला त्याने परवानगी दिली आहे. गावात सांगू नका, एवढं म्हणाला. गोजरबाई आली तर तिला माझं नाव सांगा. तिने ते मागितलं होतं.

जाताना त्याने आणखी एक सांगितलं, मुद्दाम नव्हे, बोलता बोलता. तुमच्या दुकानात चेतन आता टीव्हीसारख्या पेटीपुढे बसतो आणि फोटोवरचे डाग बटणं दाबून काढतो. मला कुणीतरी सांगेलच असं वाटत होतं, ते त्याने सांगितलं.

आता पायाचं. डॉक्टरांनी तीन महिने कधीच म्हटलं नव्हतं. ऑगस्टमध्येच ते वर्ष म्हणाले होते. तीन महिने मी लिहिले, कारण वर्षभर आडवं राहणाऱ्याला काम कोण देईल? हाड जुळलेलं नाही. पू थांबला नाही म्हणून डिसेंबरात सळई काढून घेतली. पुन्हा घालता येईल का, विचारलं. ते केसपेपरवर लिहीत राहिले. चांगुणाने विचारलं तेव्हा म्हणाले, बघू. मी या बाजेवरून उठून तुमच्या दुकानाची पायरी चढेन असं मला वाटत नाही. तुम्हालाही तसं वाटायला लावणार नाही.

तरी काम मागतो आहे. आधी मागितलं तेव्हा तुमच्यावर उपकार केल्यासारखं मागितलं होतं. आता तसं काही माझ्यापाशी उरलेलं नाही. चांगुणा ऊसतोडीच्या टोळीबरोबर कोपरगावकडे जायचं म्हणते. गेली तर पाण्याचा तांब्या हाताशी द्यायला इथे कुणी नाही, आणि राहिली तर तांब्याशेजारी ठेवायला भाकरी नाही.

पेटीला जमत नसेल ते पाठवा. फाटलेलं, भिजलेलं, ज्याचं अर्धं तोंड वाळवीने खाल्लंय असं. चेतनला सांगा, चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिही. ती मी आधी वाचीन, फोटो नंतर उघडीन. चिठ्ठीत नसेल ते कार्ड टाकून विचारीन, आणि उत्तर येईपर्यंत ब्लेडला हात लावणार नाही.

टोळीचा ट्रक सोमवारी निघतो. तिला जा म्हणू की थांब म्हणू, ते रविवारच्या गाडीने कळवा.

रंगनाथ